झीज

कोशित्सेत, विद्यापीठाच्या तळघरात
रात्रपाळीला दळण असतं.
जस्ताचं ऑक्साइड, टायटॅनियमचं ऑक्साइड,
निम्मं निम्मं, दोन्ही पांढरी;
पण व्लास्ताला विचाराल तर पांढरं म्हणून काही एक नसतं:
जस्ताचं सायीकडे झुकलेलं,
टायटॅनियमचं बर्फावरच्या उन्हासारखं, डोळ्यांत टोचणारं.

पोलादी भांडं, पोलादी गोळ्या पंधरा.
झाकण आवळून ती कानांवर टोपी ओढते
आणि कळ दाबते.
मग सहा तास
पत्र्यावर कुणी दगडांची पोती रिकामी करतंय
असा आवाज.

सहा तासांनी कण इतके बारीक
की बोटावर घेतले तरी बोटाला पत्ता नाही.
इम्रिख सांगतो, वीस नॅनोमीटर.
व्लास्ता म्हणते, हं.
एकतीस वर्षं ती हं म्हणते आहे.

इम्रिखला वेड उजेडाचं.
भुकटीची वडी थापायची,
तिच्यावर जांभळ्यापलीकडचा उजेड सोडायचा,
किती परत आला, किती गिळला, मोजायचं.
प्रत्येक पदार्थाला एक उंबरा असतो, तो समजावतो,
इलेक्ट्रॉनला तो ओलांडायचा
तर उजेडानं तेवढं उचलून द्यावं लागतं.
कमी ताकदीचा उजेड दारातूनच माघारी.
म्हणून ही पांढरी:
डोळ्यांना दिसतो तो सगळा ती परत पाठवतात.

शुक्रवारी वडी बिस्किटी निघाली.
आलेखाची रेघ नेहमीच्या जागी वळलीच नाही,
निळं ओलांडून पार हिरव्यात उतरली.
इम्रिखनं पट्टी लावली. पुन्हा लावली.
तीन पूर्णांक दोनचा उंबरा दोन पूर्णांक तीनवर!
नुसत्या दळण्यानं! ना भट्टी, ना आम्ल!
साध्या उन्हात घाण पाणी निवळवणारी भुकटी,
निबंधाचं शीर्षक, प्राध्यापक पेट्राशना फोन,
सगळं एका दमात.

व्लास्ता वडीकडे बघत राहिली.
हा रंग तिच्या ओळखीचा.
बाबा पोलाद कारखान्यातून यायचे
आणि रुमाल तिच्या हातात द्यायचे धुवायला.
तीन पाण्यांनंतरही कापडावर हाच रंग उरायचा.
आई म्हणायची, राहू दे,
तो आता रुमालाचाच झाला.

फ्रिजवर एक चुंबक होता,
क्रोएशियाच्या कुठल्याशा सहलीतून आलेला, खेकड्याच्या आकाराचा.
तिनं तो भुकटीच्या कागदाखाली धरला
आणि हळूच सरकवला.

कागदावर बारीक केस उभे राहिले.
खेकड्यामागून चालू लागले.

इम्रिख काही बोलला नाही.
बाहेर वळणावर ट्राम किंचाळून गेली.
मग म्हणाला, भांड्याचं.
भांड्याचं, ती म्हणाली, आणि गोळ्यांचं.
तू दोघांना दळत होतास,
तिसरं न बोलावता आलं.

सोमवारी झिर्कोनियाचं भांडं.
तेच दळण, तितकेच तास.
वडी जवळजवळ पांढरी,
उंबरा तीन पूर्णांक एकपाशी,
आणि रेघेच्या पायथ्याला एक लांबट शेपूट:
कणांच्या मोडक्या कडांवर
अडखळलेल्या उजेडाचं.
दळण्याचं स्वतःचं म्हणावं असं एवढंच.
इम्रिखनं ते तसंच लिहिलं.
निबंध लहान झाला. पेट्राश नाराज झाले,
मग दोन ठिकाणी स्वल्पविराम बदलून सही केली.

बिस्किटी भुकटी फेकायची होती.
व्लास्तानं ती बाटलीत भरली,
चिठ्ठीवर तारीख घातली, तास घातले,
दोन ऑक्साइडांच्या पुढे अधिकचं चिन्ह काढून लिहिलं:
भांडं क्रमांक चार.
मग ते भांडं धुऊन, सुकवून काट्यावर ठेवलं.
नवं आलं होतं तेव्हापेक्षा अकरा ग्रॅम कमी.
आकडा वहीत उतरवला,
दिवा मालवला,
आणि जिन्याशी थांबून
सवयीनं रुमालाला हात पुसले.